चंद्रावरचा मनोरा आणि माझी साक्ष

आमच्या यांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला दोन वर्षं झाली. रोह्याजवळ वरसे इथे आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. चार माणसं मिळाल्याशिवाय यांना खाली नेता येत नाही आणि यांना एकटं सोडून मला उतरता येत नाही. दूध, भाजी, औषधं सगळं फोन केला की वर येतं.

कंपनीत नोकरीला होते तेव्हापासून यांना एक नाद होता. माणूस चंद्रावर उतरायच्या आधी काही यानं त्याच्याभोवती फिरली, त्यांनी काढलेले फोटो आता इंटरनेटवर बघायला मिळतात. त्यांत कुणीतरी बांधलेल्या भिंती, घुमट, मनोरे दिसतात असं मानणाऱ्यांचा एक गट आहे. हे त्या गटातले. आजारपणानंतर डावा हात तेवढा चालायचा, जीभ जड झाली होती. म्हणून दुपारची जेवणं उरकली की टॅबलेट मी धरायची, फोटो मोठा करायची आणि हे बोट ठेवतील तिथे थांबायची. पट्ट्यापट्ट्यांनी जोडलेली ती करडी, खड्ड्याखड्ड्यांची जमीन. मला तिचा कंटाळा आला होता, पण घरातल्या भिंतींचा त्याहून जास्त.

एका दुपारी बोट एका डोंगराच्या कडेला अडलं. तिथे फिकट, बारीक असं काहीतरी उभं दिसत होतं.

"मनोरा," हे म्हणाले. झटक्यानंतर इतका स्वच्छ शब्द मी यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

तो डाग होता. मला बघताक्षणी कळलं. मी अकरा वर्षं पेणला एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काम केलं आहे. फिल्म धुताना रसायन एखाद्या जागी नीट लागलं नाही की असाच ओघळ उमटतो. त्या यानांत तर फिल्म आतल्या आत, रसायनाची ओली पट्टी दाबून धुतली जायची. पण हे माझ्याकडे बघत होते, आणि अर्ध्या चेहऱ्याने हसत होते.

मी म्हटलं, "बांधलेलंच वाटतंय."

फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. गटप्रमुखांनी विचारलं, हा धुण्यातला दोष तर नाही? हे शेजारून लिही, लिही अशी खूण करत होते. मी लिहिलं की अकरा वर्षं माझे हात त्याच रसायनात होते, हा डाग नाही.

मग अभिनंदनं आली. दुसऱ्या दिवसापासून इतरांचे फोटोही यायला लागले, वहिनी, यावर तुमचं मत द्या म्हणून. सगळे डागच होते. एकालाही नाही म्हणायची सोय नव्हती, कारण मग पहिल्याबद्दल प्रश्न निघाला असता. मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. त्यानंतर ठरलं की ऑनलाइन सभा घ्यायची आणि यांनी स्वतः मनोऱ्याची माहिती द्यायची. हे चार वाक्यं घोकायला लागले. लाळ गळायची, ती मी पुसायची, की हे परत पहिल्या वाक्यापासून सुरू.

शेवटी एका सकाळी शेजारणीला यांच्यापाशी बसवलं आणि पेणची गाडी पकडली. वाटेत निडी स्टेशनला गाडी थांबली तेव्हा उतरून परत जावं असं फार वाटलं.

स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. मालकांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. मुलं आखातात, चाचा एकटेच मागच्या खोलीत असतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून टॅबलेट डोळ्यांजवळ धरला.

"डाग हाय गो. तुला कळला नाय?"

"कळला होता," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

चाचांनी टॅबलेट माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "फोटोत नवरीच्या गालावरचा वण आपण पुसायचो, पण तो तिला म्हायती असायचा. नवऱ्याला तू सांगितलंस काय?"

घरी आल्यावर यांना सांगितलं. डाग कसा पडतो तेही मी सांगत होते, पण यांनी मान भिंतीकडे वळवली. पाच दिवस माझ्या हातून जेवले नाहीत. शेजारीण येऊन भरवायची आणि मी स्वयंपाकघरात उभी राहायची.

गटावर मी खरं काय ते लिहून टाकलं. कुणी रागावलं नाही. वहिनींवर वरून दबाव आलेला दिसतोय, असं त्यांनी आपसात ठरवलं आणि माझा नंबर काढून टाकला. सभा आमच्याशिवाय झाली. तो फोटो अजून फिरतो आहे, आणि त्याच्याखाली माझं पहिलं वाक्य आहे, अकरा वर्षांच्या अनुभवासकट. ते मला पुसता येत नाही.

सहाव्या दिवशी यांनी टॅबलेट मागितला. तोच डोंगर काढायला लावला आणि बोट ठेवलं.

"मनोरा."

"डाग आहे, अहो."

यांनी बोट उचललं नाही. मीही टॅबलेट तसाच धरून बसले.