गुंजाळ सरांची आग

गुंजाळ सर वक्तृत्व शिकवायचे ते मैदानावर. मुलाला एका टोकाला पाण्याच्या टाकीपाशी उभं करायचे आणि स्वतः दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ, तोंडात खडीसाखर धरून. "बेंबीतून आवाज काढ, बाळा. सभागृह पेटलं पाहिजे," असं तिथून ओरडायचे. फाटकाबाहेरून पोलिसांची गाडी गेली की मात्र हे पेटवणारे गृहस्थ आपसूक हात जोडायचे. गाडीत कोण आहे हेही बघायचे नाहीत.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे, मी भूगोल. स्पर्धेचं भाषण सरांनी लिहून द्यायचं आणि मुलांनी पाठ करायचं, अशी रीत. सरांनी उमेदीत एकच भाषण लिहिलं होतं. विषय कोणताही येवो, सुरुवात बदलून तेच द्यायचे. शेवट ठरलेला: "आता हात जोडू नका, मुठी आवळा. हा सडका डोलारा जाळल्याशिवाय पहाट होणार नाही." पहाट काही न जाळताही रोज होते, हे भूगोलाची बाई म्हणून मी त्यांना सांगून पाहिलं. "मॅडम, तुमच्यात आग नाही," म्हणाले. पण त्या शेवटावर कॉलेजला ढाली मिळत होत्या, आणि ढालींमुळे सरांना मान.

मग फर्मान आलं की प्रत्येक कॉलेजात कट्टरता रोखणारी समिती हवी. "वरून आलंय म्हणजे विचार करूनच आलं असणार," हे सरांचं लाडकं वाक्य. नगरला एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन ते नोडल अधिकारी होऊन परतले, गळ्यात बिल्ला. बिघडणाऱ्या मुलांची लक्षणं त्यांनी आम्हाला ऐकवली: एकाएकी गप्प होणं, घरच्यांवर चिडणं, कपड्यांची तऱ्हा बदलणं. मी म्हटलं, "सर, ही तर प्रेमात पडल्याची लक्षणं." हसले नाहीत. असं कुणी सापडलं नाही, म्हणजे 'निरंक', हे दर महिन्याला कळवताना त्यांना लाज वाटायची. "वरच्यांना वाटत असेल, आम्ही इथे झोपा काढतो."

त्या वर्षी स्पर्धेसाठी नाझिया मनियार निवडली गेली. तिसगावच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या सलीमभाईंची मुलगी, त्यांच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. सरांनीच तिला टाकीपाशी उभं केलं, सरांनीच भाषण घोटून घेतलं. कॉलेजच्या कार्यक्रमात ती अशी बोलली की मागच्या बाकांवरची टवाळ पोरंही गप्प झाली. कुणीतरी शेवटचा तुकडा मोबाईलवर काढून गावभर फिरवला. त्याखाली कुणीतरी लिहिलं, "ही पोरगी काय जाळायचं म्हणतीय?" सरांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं नाव वर कळवलं.

तिला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. समितीत एक बाई हवी म्हणून मीही होते. सरांनी घसा साफ करून विचारलं, "हे जाळपोळीचे विचार तुझ्या डोक्यात कुणी भरले?"

नाझियानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शिक्षकाला चारचौघांत तोंडघशी पाडायचं नाही, एवढं वळण त्या पोरीला होतं. मला नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हीच भरलेत, सर. भाषण तुमचं आहे. इतकी वर्षं मुलं तेच म्हणतायत, तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात."

"शब्द माझे असतील, मॅडम," सर अगदी शांतपणे म्हणाले, "पण आवाज तिचा होता ना."

प्राचार्य "आता नाव गेलंय," एवढंच पुटपुटले. जन्मात मला कुणाची इतकी किळस आली नव्हती. माणूस भित्रा असतो, ते मी समजू शकते. पण स्वतःची शेपूट लपवायला एकोणीस वर्षांच्या पोरीला पुढे ढकलायचं, वर त्याला कर्तव्य म्हणायचं, हा निव्वळ नीचपणा होता, आणि तसं मी सरांना सांगितलंही. त्यांनी खडीसाखर तोंडात टाकली.

बाजाराच्या दिवशी साध्या कपड्यांतले दोन पोलीस सलीमभाईंच्या दुकानाशी आले आणि 'सहज चौकशी' करून गेले. सगळ्या बाजारानं पाहिलं. सलीमभाई मुलीचा दाखला न्यायला आले, तेव्हा मी त्यांची खूप विनवणी केली.

"म्याडम, पोरीचं भाषण म्या मोबाईलवर लई येळा ऐकलं," ते म्हणाले. "लई भारी वाटलं हुतं. पर आता न्हाई पाठवायची."

सरांना आता दुसऱ्या कॉलेजांत प्रशिक्षण द्यायला बोलावतात. शाल, नारळ, जेवण. बिल्ला लॅमिनेट करून घेतलाय.

मध्यंतरी मी तिसगावच्या बाजारात गेले, तर दुकानावर नाझिया बसली होती. माझा पंजा दाबून बांगडी चढवताना तिनं विचारलं, "मॅडम, माझ्या जागी स्पर्धेला कोण गेलं?"

"ओंकार."

"भाषण कोणतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण म्हटलं, "तेच."

"मग ढाल?"

"मिळाली."

बांगडी मनगटावर नीट बसली. "म्हणजे भाषणात वाईट काही नव्हतं," ती म्हणाली आणि तिनं माझा दुसरा हात मागितला.