नाव घेऊन मागा

“तोंड हाय नं? मंग मागा की.”

हे तिचं वाक्य. उजव्या हाताची बोटं स्वतःच्या ओठांशी नेऊन, भुवया वर चढवून ती म्हणायची. कात्री हवी असो, खुर्ची हवी असो की डब्यातली भाकर. जो तिच्या टेबलाभोवती नुसता घुटमळेल त्याला हे ऐकावं लागायचं. मागितलं की मात्र लगेच मिळायचं. अर्धी भाकर मोडून द्यायची, वर ठेचा ठेवायची आणि म्हणायची, “एवढं सोपं हाय बघा.”

जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत आम्ही बरोबर होतो. मी फील्डवर, ती ऑफिसात कॉम्प्युटरवर. हसनाबादकडची, मास्तरांची मुलगी. अंगानं बारीक, आवाजानं नाही. मी तिला ताई म्हणायचो, ती मला भाऊ. वयानं मोठं कोण, हे आम्ही कधी काढलंच नाही.

तेव्हा मोबाइल असे खिशोखिशी नव्हते. कंपनीनं आम्हा फील्डवाल्यांना हातात मावणारी यंत्रं दिली होती, काडीनं काचेवर लिहायची. आम्ही त्यांना पाटी म्हणायचो. कोणत्या शेतकऱ्याच्या प्लॉटवर गेलो, पीक कसं आहे, सगळं पाटीवर लिहायचं आणि सोमवारी ताईकडे द्यायचं. ती ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. पाटी दोन बारक्या सेलवर चालायची, आणि सेल पूर्ण बसले की लिहिलेलं सगळं साफ व्हायचं.

पुढे खर्च वाचवायला कंपनीनं चार्ज करायचे सेल आणले. पाटीला ते काही केल्या कळेनात, कारण ती साध्या सेलसाठी बनवलेली. ताजे भरलेले सेल घातले तरी सकाळपासून ‘बॅटरी कमी, बॅटरी कमी’ म्हणून जीव खायची. रोजच्या खोट्या ओरडण्याकडे कोण लक्ष देणार? आम्हीही देईनासे झालो. आणि एकदा भर दुपारी, भोकरदनच्या पुढे बांधावर उभा असताना माझी पाटी खरंच मेली. आठवडाभराच्या भेटी गेल्या.

आता साहेब. तुम्हीही असा एक तरी पाहिला असेलच. हा कुणाला काही मागत नसे. पाणी हवं की ग्लासवर टिचकी, फाइल हवी की बोट. ताई कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी त्यानं तिचं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग पुन्हा आडनाव विचारलं, खात्री करायला. नाव विचारलं नाही. तेव्हापासून ती समोर बसलेली असली तरी तो शिपाईमामांना म्हणायचा, “तिकडे सांगा.”

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं, सेल बसले, लिहिलेलं गेलं. त्यानं मला सगळ्यांसमोर उभं केलं.

“सेल नाही संपले, तुझी लाज संपली. तू गेलाच नव्हतास. म्हण, मी प्लॉटवर गेलो नाही.”

मी गेल्तो हो! उन्हातान्हात, पंक्चर गाडी ढकलत गेल्तो. पण नोकरी कच्ची, घरी बायको बाळंत झालेली. मी म्हटलं, गेलो नाही. त्यानं ते मला पुन्हा म्हणायला लावलं, मोठ्यानं. तो आज जिथं कुठं जेवत असेल तिथं त्याला घासाघासाला ठसका लागो. हे मी अगदी शांत डोक्यानं लिहितोय.

ताई कोपऱ्यातून बघत होती. मीटिंग सुटल्यावर माझ्याजवळ आली.

“भाऊ, याला एक दिवस तोंडानं मागायला लावते. बघाच तुम्ही.”

त्याच आठवड्यात ती सायबर कॅफेत जाऊन बसली. जगात आपल्यासारखेच सेलवरून रडणारे दुसरे असणारच, असं तिचं म्हणणं. आणि होतेच. कुणा परदेशातल्या माणसानं एक छोटासा प्रोग्रॅम बनवून सगळ्यांसाठी फुकट ठेवला होता. तो पाटीला एवढंच सांगायचा, की आत कोणत्या जातीचे सेल आहेत. मग पाटी खरं बोलायला लागायची. सेल खरोखर उतरत आले की मगच ओरडायची, आणि ते बदलायला वेळ मिळायचा.

ताईनं तो फ्लॉपीवर आणून आधी माझ्या पाटीत घातला. नंतर मागेल त्याला दिला. दोन पाट्यांची डोकी समोरासमोर धरायची, की प्रोग्रॅम इकडून तिकडे जायचा. “ज्यानं बनवला त्यानं फुकट दिला, मी काय म्हणून अडवू?” ती म्हणायची. “फक्त मागा.”

साहेबाकडेही पाटी होती, कातडी कव्हरची. अख्ख्या सीझनच्या भेटी त्यात. आम्ही दर सोमवारी आमच्या पाट्या उतरवून घ्यायचो, हा नाही. ती ताईच्या हातात द्यावी लागली असती ना!

मग हैदराबादहून मोठे साहेब येणार असं ठरलं. सगळ्या भेटी त्यांना दाखवायच्या होत्या. साहेबाला धास्ती बसली, कारण त्याची पाटी दिवसभर कोकलत होती. आमच्या पाटीतून प्रोग्रॅम घ्यायचा तर आम्हालाही मागावं लागलं असतं. शिपाईमामा आले.

“ताई, साहेब म्हणून राह्यले, ते बॅटरीचं द्या.”

“मामा, पाटी तुमची हाय का?”

“माझी कुठली?”

“मंग ज्याची पाटी त्यानं यावं.”

मोठे साहेब यायचे त्या दिवशी सकाळी तो आला. स्वतःच्या पायानं. थेट ताईच्या टेबलाशी. “मिस,” असं म्हणून त्यानं तिचं आडनाव घेतलं. “तो प्रोग्रॅम टाकून द्या.”

“हे आडनाव झालं साहेब. नाव घेऊन मागा. फुकट हाय.”

साहेबानं तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं, की याला नाव माहीतच नाही. इतकी वर्षं एका छताखाली! त्यानं मामांकडे बघितलं, तर मामा खिडकीबाहेर बघायला लागले. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला नाव बराबर माहीत होतं. मी माझी पाटी फडक्यानं पुसत बसलो.

“न्हाई येत?” ताईनं बोटं ओठांशी नेली. “विचारा की मंग. तोंड हाय नं?”

तुमचं नाव काय, एवढंच म्हणायचं होतं हो. तेवढ्यानं तो वाचला असता, कारण ताईनं दिला असता. शब्दाची पक्की होती. तो पाठ फिरवून केबिनमध्ये गेला.

दुपारी मोठ्या साहेबांसमोर त्याची पाटी पुन्हा एकदा ओरडली. त्यानं सवयीनं ती सूचना बोटानं उडवली. थोड्या वेळानं काच कोरी झाली. घाईघाईनं नवे सेल घातले, पाटी सुरू झाली, पण आत काही नाही, आजच खोक्यातून काढल्यासारखी.

“सर, सेल संपले,” तो म्हणाला.

मी उठलो. मला कुणी विचारलं नव्हतं. “सर, इथं सेल संपत न्हाईत. इथं लाज संपते. भेट दिलीच न्हाई असं धरायचं. मला असंच धरलंय.”

“मतलब?” मोठे साहेब म्हणाले.

मी मतलब सांगितला. सावकाश, काही न वगळता. साहेबाच्या कपाळावर घाम आला, तो मी डोळे भरून बघितला. मजा आली का? बिलकुल आली. अजूनही झोप लागत नसली की मी तो घाम आठवतो आणि मला छान झोप लागते.

त्याची बदली गोडाऊनवर झाली. पण जाता जाता त्यानं ताईला कामावरून काढलं. त्या हुकुमावर तिचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. त्यासाठी त्यानं मामांना विचारून घेतलं होतं. ताईनं कागद वाचला आणि हसली. “मामा, शेवटी विचारलंच की यानं!” मग डबा उचलून ती निघाली. आम्ही फाटकापर्यंत गेलो. हसताना तिचे डोळे भरले होते. नोकरी तिलाही लागतच होती.

पुढे तिनं शहागडला हायवेवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. ट्रकवाल्यांना चार्जिंग फुकट. कुणी नुसता वायर हातात धरून उभा राहिला की बोटं ओठांशी जायची. मी त्या बाजूला गेलो की थांबायचो. ती आधी चौकशी करायची, “तो कुठं हाय?” मी म्हणायचो, “गोडाऊनवरच.” “बरं हाय,” म्हणायची आणि चहा सांगायची.

यंदा हे लिहायला घेतलं. साहेबाचं नाव मला पाठ आहे, पण माझ्या हातून ते कधी छापून येणार नाही. पडून राहू दे त्याला बिननावाचा. ताईचं मात्र ठळक अक्षरात लिहायचं होतं. न विचारता कसं लिहिणार? म्हणून शहागडला गेल्तो. दुकानाचं शटर खाली होतं.

शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, “ताई उन्हाळ्यात वारल्या. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई?”

मी शटरसमोर उभा राहिलो. ताई न म्हणता तिचं नाव घेतलं आणि म्हटलं, “तुमचं नाव लिहू का?” मोठ्यानं म्हटलं. पंक्चरवाला हातातलं काम ठेवून बघत राहिला.

मी नाव घेऊन मागितलं होतं. मागूनही तिनं दिलं नाही, असं हे पहिल्यांदाच झालं.