हसणारी तबकडी

त्या वर्षी रोज काय वाचलं, काय ऐकलं ते टिपून ठेवायची मला खोड लागली होती. शहाद्यापासून बैलगाडीच्या वाटेवरच्या आमच्या खेड्यात टिपण्यासारखं असणार तरी काय? पहाटे जात्यावर आईची गाणी. शिळं होऊन आलेलं वर्तमानपत्र, जे वडील ओट्यावर बसून गावाला मोठ्यानं वाचून दाखवत. सारंगखेड्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा. पण सगळ्यांत जास्त लिहिलं ते बाज्याबद्दल, म्हणजे ग्रामोफोनबद्दल. तो गावात नव्हताच. शहाद्याच्या एका कापसाच्या अडत्याकडे होता, आणि मी नि माझ्या धाकट्या बहिणीनं तो एकदाच ऐकला होता.

त्यातली एक तबकडी नुसती हसण्याची होती. कुणी माणूस दोन ओळी गातो आणि मग हसतच सुटतो. धाकटी त्यावर इतकी खूश झाली, की शेजारच्या मैत्रिणीला ती रोज तसं हसून दाखवायची. दोघी गोठ्यात बसून खिदळत.

फाल्गुनात धाकटीला देवी आल्या. मला टोचलेलं होतं. तिला नव्हतं, कारण टोचणारा गावात आला तेव्हा आईनं तिला रिकाम्या कणगीत बसवून वर सूप झाकलं होतं. त्याच सुमारास वडिलांनी पेपरातली सूचना वाचून दाखवली होती, की देवीच्या रोग्याजवळ जाऊ नये, मुलांना तर मुळीच नेऊ नये. गावानं माना डोलावल्या होत्या. माना डोलवायला आमच्या गावाला कधीच कष्ट पडले नाहीत.

घरात देवी आली की घर तिचं. फोडणी बंद, वेणीफणी बंद, दाराला कडुनिंब. आई धाकटीला नावानं हाक मारीना, 'माय' म्हणू लागली. पोर मागेल ते द्यायचं, कारण मागणारी ती नसते. वडिलांनी डॉक्टरचं नाव काढलं, तर आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो विषय सोडून दिला. पोरीचं सगळं अंग भरलं, डोळे चिकटले. ती आता जगत नाही, असंच मला वाटत होतं. अशात एका दुपारी ती म्हणाली, "माले बाजा ऐकना शे. तो हसनारा."

"ती नही, देवी मांगी ऱ्हायनी," आई म्हणाली.

वडील गाडी जुंपून गेले. अडत्या एरवी बाज्याला कुणाला बोट लावू देत नसे, पण देवीला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. पेटी खाटेशेजारी ठेवली. देवीनं बाजा मागवला, ही बातमी गावभर झाली आणि बायका पाय धुऊन, लेकरं कडेवर घेऊन दर्शनाला आल्या. शेजारची मैत्रीण तर खाटेवरच बसली, धाकटीचा हात हातात घेऊन. तबकडी लागली तसं अख्खं घर हसायला लागलं. धाकटीचेही ओठ हलले, आणि मला इतका आनंद झाला की दुसरं काही सुचलंच नाही. वडील दाराशी उभे होते. ते तेवढे हसत नव्हते.

धाकटी वाचली. एक डोळा गेला, तोंडावर वण राहिले, पण वाचली. तिच्या खपल्या पडत होत्या तेव्हाच मैत्रिणीला ताप भरला.

तिनंही तेच मागितलं. तिची आई आमच्या दारी धावत आली, पण पेटी परत गेली होती. वडील पुन्हा शहाद्याला गेले. एव्हाना साथीची बातमी तिथं पोचली होती. अडत्यानं दार उघडलं नाही. बाजा घराबाहेर निघणार नाही, असं आतूनच सांगितलं. गाडी रिकामी परत आली. तेव्हा आईनं धाकटीला मधल्या भिंतीशी बसवलं आणि तसं हसून दाखवायला सांगितलं. पलीकडून मैत्रीण बाजा मागत होती. धाकटीनं तोंड उघडलं, पण तिला हसू येईना, ती रडायलाच लागली.

मैत्रिणीला पुरून आल्यावर काही दिवसांनी तिची आई आमच्या ओट्याशी येऊन उभी राहिली.

"तुम्हना घरमा देवीनी मांगं ते तिले भेटनं, भाऊ," ती म्हणाली. "मन्हा घर उनी ते रिकामी गयी. म्हनीसन पोरले लई गयी."

पोर कशानं गेली ते वडिलांना ठाऊक होतं. आता सांगतील, असं मला वाटलं, आणि सांगू नयेत असंही वाटलं.

"चुकनं मन्हं, बहिन," ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

तिनं पुढं होऊन त्यांचे हात सोडवले. "तुम्हना काय दोस?" ती म्हणाली. "तुम्ही ते बाजा लेवाले गयथात."