पांढऱ्या साडीतली माय

मी पुण्याला निघाले त्या सकाळी माय रडली नाही, याचा मला अजून राग आहे. केशोरीच्या स्टँडवर शेजारच्या गल्लीतली एक पोरगी नर्सिंगसाठी नागपूरला निघाली होती आणि तिच्या आईनं रडून अख्खा स्टँड गोळा केला होता. माझी माय माझ्या ओढणीला पिन लावत होती. पिन लावून झाल्यावर ती थोडी मागं सरकली आणि मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. "नीट राहजो," म्हणाली. "तिकडचे लोकं आपल्याले पाह्यतीन." एसटी सुटल्यावर मी मागच्या काचेतून बघितलं, तर ती घराच्या दिशेनं वळलीसुद्धा होती. त्या नर्सिंगवाल्या पोरीचा मला असा हेवा वाटला की अर्जुनी येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

गोंदियाला बाबा सोबत आले होते. पुण्याच्या गाडीला वेळ होता, फलाटावर बाबांची एका व्यापाऱ्याशी ओळख झाली. गोंदियात पाऊल टाकलं की बाबा आपोआप हिंदीत शिरतात. "लडकी पिच्चर का शिक्षण लेने जा रही है," ते म्हणाले. व्यापाऱ्यानं मला निरखून विचारलं, "हीरोइन बनना है क्या?" "नहीं जी," बाबा म्हणाले, "वो दूसरों का पिच्चर तपासती है." फिल्म स्टडीज म्हणजे काय हे त्यानंतर मला पुष्कळांनी समजावलं, पण बाबांच्या इतकं थोडक्यात कुणाला जमलं नाही.

तुमच्यापैकी जे केशोरीतच राहिले, आणि जे माझ्यासारखे त्याच फलाटावरून कुठे कुठे पांगले, त्यांना हे लिहिते आहे. रेवतीबद्दल लिहायचंय, आणि चांगलं लिहिणं मला जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

रेवती माझी रूममेट. पुण्याचीच, पण घर लांब पडतं म्हणून होस्टेलला राहायची. तिचे वडील तिला लहानपणापासून फिल्म क्लबला न्यायचे. पडद्यावरच्या मांडणीला, म्हणजे माणूस कुठे उभा आहे, मागे काय ठेवलंय, उजेड कुठून येतो या सगळ्याला, आमच्या कोर्समध्ये एक फ्रेंच नाव आहे. ते मला पहिलं सत्रभर उच्चारता आलं नाही. रेवती ते भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी तसं म्हणायची. मी "मी जाऊन राहिली" म्हटलं की तिला ते फार गोड वाटायचं, ती दिवसभर तसंच बोलत फिरायची. त्यात तिचा वाईट हेतू नव्हता. हेतू वाईट असता तर मला भांडता तरी आलं असतं. हळूहळू मी तिच्यासारखं बोलायला लागले, आणि एकदा फोनवर मायनं विचारलं, "कोन बोलून राहिलं?"

पण शिकले मात्र मन लावून. आमच्या गावात थिएटर नाही. सिनेमा म्हणजे टीव्हीवर जे लागेल ते, आणि तेही जाहिराती लागल्या की उठून भांडी घासून यायचं. इथे मी अंधारात बसून एकच दृश्य पुन्हा पुन्हा पाहायला शिकले. कॅमेरा खाली ठेवला की माणूस मोठं का वाटतं, दारातून बघितलं की बघणारा चोर का होतो. सुट्टीत घरी गेले तर आमची ओसरी मला पहिल्यांदा दिसली. सकाळी उजेड आधी पाण्याच्या गुंडावर, म्हणजे घागरीवर, पडतो, मग भिंतीच्या निळ्या चुन्यावर चढतो. एवढी वर्षं मी त्या गुंडातलं पाणी प्यायले आणि हे पाहिलंच नव्हतं. तेव्हाच ठरवलं की शेवटच्या वर्षाची फिल्म मायवर करायची. दुसरा कुठलाच विषय माझ्या मनात कधी आला नाही.

त्याआधी एक छोटा सराव होता, घरातल्या कुणा एकावर. बुद्ध पौर्णिमेच्या सुट्टीत मी घरी गेले आणि मायला म्हटलं, तुझं रोजचं काम कर, मी शूट करते. माय आत गेली आणि पांढरी साडी नेसून बाहेर आली. आमच्याकडे पौर्णिमेला विहारात जाताना बायका पांढरी साडी नेसतात; मायची ती एकच होती, पेटीत घडी करून ठेवलेली. केस ओले करून चापून बसवले होते. ओसरीच्या भिंतीला पाठ लावून, हात खाली सोडून, ती सरळ उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे बघायला लागली.

"अगं, काम कर ना काहीतरी," मी म्हटलं.

"फोटो काढून राहिली का काम पाह्यतं?" माय म्हणाली.

"फोटो नाही, व्हिडिओ आहे."

"मंग काय झालं? लवकर काढ."

मी खूप विनवलं. ती हलली नाही. बाबा माझ्यामागे थर्माकोलचा पत्रा धरून उभे होते, त्यावरून उजेड तिच्या चेहऱ्यावर पाडायचा होता, तेही कंटाळले. दुपारचं ऊन, सावळा चेहरा आणि पांढरीशुभ्र साडी. चेहरा नीट दिसेल असं कॅमेऱ्याचं सेटिंग केलं की साडी जळून नुसता पांढरा डाग उरायचा, साडी सांभाळली की चेहरा काळवंडायचा. मी जे मिळालं ते घेऊन परतले.

वर्गात ते दाखवलं. मग रेवती हळू आवाजात म्हणाली, "किती एकटी आहे ही बाई. पांढरा रंग किती बोलतो." आमच्या सरांनी मान डोलावली. आदल्याच आठवड्यात रंगांवर तास झाला होता, त्यात पांढरी साडी म्हणजे वैधव्य असं आम्ही वहीत उतरवून घेतलं होतं. सर म्हणाले, वडील गेल्यानंतरचं घर तू फार संयमानं दाखवलंस.

"सर," मी म्हटलं, "माझे बाबा कॅमेऱ्यामागे थर्माकोल धरून उभे आहेत."

वर्ग खदाखदा हसला. मीही हसले, दुसरं काय करणार? पांढरं आमच्याकडे सणाचं आहे, ते मी सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पण प्रेक्षकाला हे कसं कळावं, पुढच्या वेळी साडी बदल. शिवाय तुझी आई कॅमेरा विसरत नाही, तेही बघ. माझा सराव सगळ्यांत खालच्या श्रेणीत गेला.

दिवाळी झाली की आमच्या भागात मंडई सुरू होते. प्रत्येक गावाचा ठरलेला दिवस, जत्रेसारखी दुकानं, भरदुपारी दंडारीचा नाच आणि घरोघर पाहुणे. रेवती म्हणाली, मला बघायचंय. मी तिला घेऊन गेले. खरं तर मला तिला दाखवायचं होतं की बघ, माझ्याकडेही काहीतरी आहे जे तुझ्याकडे नाही.

तिनं पाहिलं आणि उचललंच. कॅमेरा तिच्या खांद्याला होताच. दंडार बघायला गेलेली ती अर्ध्यातून परत आली आणि आमच्या अंगणात बसली. माय सुपानं धान पाखडत होती, रोजचीच फुलांची विटकी साडी, पदर खोचलेला, पायात काही नाही. भुसा उन्हात उडत होता. रेवती खाली मातीत बसून शूट करत राहिली आणि माय पाखडत राहिली. पुढचे दोन दिवस तेच. मायनं चूल पेटवली, सारवलं, न्हाणीजवळ बसून पाय घासले, कुणाचं तरी गाणं गुणगुणली. ती गुणगुणते हे मला माहीत होतं. परक्यासमोर गुणगुणते हे माहीत नव्हतं. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्यासाठी जी बाई भिंतीला चिकटून खांबासारखी उभी राहिली, ती हिच्यासमोर इतकी मोकळी?

रेवतीच्या फिल्मला वर्गानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, कारण फिल्म सुंदर होती. मी खोटं बोलणार नाही, तो भुशाचा उजेड मला जन्मात जमला नसता. ती फिल्म बाहेरच्या एका महोत्सवात निवडली गेली. रेवतीनं होस्टेलभर पेढे वाटले आणि पहिला मला दिला. तो मी कागदात बांधून ठेवला, मुंग्या लागल्यावर टाकला. मग मी माझ्या फिल्मचा विषय घेऊन सरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "तेच घर, तीच बाई. रेवतीनं ते केलंय. तू आता दुसरं काही शोध." माझी माय माझ्या हातातून गेली होती, आणि नेणारीला मीच गाडीचं तिकीट काढून घरी घेऊन गेले होते.

थंडीत मी न सांगता घरी गेले. माय वांगी चिरत होती. मी बॅगही खाली ठेवली नाही.

"तिच्यासमोर पांढरी साडी काऊन नाही नेसली?" मी विचारलं. रागात माझी बोली परत आली होती.

"कोनासमोर?"

"रेवतीसमोर. माह्यासमोर पुतळा होते आन् तिच्यासमोर गाणे म्हनते!"

मायनं विळी बाजूला सारली. "ते तं पाहुणी पोट्टी होती," ती म्हणाली. "तिच्या सिनेमात मी कोनतीबी बाई हावो. कामावर जाते, धान पाखडते, तशी कोनतीबी. तिले काय फरक पडते? तुह्या सिनेमात मी तुही माय हावो. लोकं पाह्यतीन आन् म्हनतीन, हे पाहा, हे इची माय. मंग मी फाटक्या साडीत दिसू?"

मी बॅग खाली ठेवली.

"आन् गाण्याचं म्हनशीन," माय पुढं म्हणाली, "तं मले वाटलं ते मशीन बंद हाय."

बाबा आतून मोठ्यानं हसले. मायनं वांगी परत हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, साडी नेस. ऊन अंगणात यायच्या आधी, ओसरीच्या सावलीत तिला उभं केलं. सावलीत पांढरं जळत नाही, हे मला मे महिन्यात सुचायला हवं होतं. बाबांनी थर्माकोल धरला. माय नेहमीसारखी उभी राहिली, हात खाली, नजर समोर, आणि या वेळी मी काहीही सांगितलं नाही. कॅमेरा चालू ठेवला. ती उभीच राहिली. ऊन भिंतीवर चढलं, कोंबडी येऊन गेली, ती माझ्याकडे बघतच होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "अशी वाकून तुही पाठ नाही दुखून राहिली का?" मी नाही म्हटलं. "दुखते," ती म्हणाली. "बस खाली. मी राह्यतो उभी." मी मातीत बसले. ती उभी राहिली.

फिल्म एवढीच आहे. सरांशी भांडून मी तोच विषय ठेवला आणि मार्क बेताचेच मिळाले. शेऱ्यात लिहिलं होतं, व्यक्ती कॅमेऱ्याबाबत फार सजग आहे. पांढऱ्या साडीबद्दल दोघा परीक्षकांनी विचारलं, वडील केव्हा गेले. त्यांना मी बाबांचा नंबर दिला.

रेवतीनं फिल्म एकटीनं पाहिली, माझ्या लॅपटॉपवर, खोलीत. पाहून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावली. मग म्हणाली, "माझ्या सगळ्या फुटेजमध्ये काकूंनी एकदाही माझ्याकडे बघितलेलं नाही. मी हाका मारल्या होत्या गं. त्या हो म्हणायच्या आणि सूप हलवत राहायच्या." तिचा आवाज जरा घोगरा झाला होता. तो सूर मी ओळखला, वर्षभर माझाच होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, आणि पुष्कळ वाटलं.

घर म्हणजे आता काय, असं तुमच्यापैकी कुणी विचारलं तर सांगते. आमची ओसरी, अंगण, तो भुसा, तो उजेड, हे सगळं रेवतीनं माझ्यापेक्षा चांगलं पाहिलंय. ते आता तिच्या नावानं जगभर फिरतं आहे आणि मला ते सहन करायला शिकावं लागेल. माझं घर म्हणून उरलंय ते फक्त मायचं ते बघणं. मध्ये कॅमेरा असला तरी ती मलाच बघते, माझी पाठ दुखते हेसुद्धा तिला दिसतं. तेवढंच माझं आहे, आणि ते मी कुणाला वाटून देणार नाही.

परवा रेवतीनं विचारलं, यंदा मंडईला येऊ का तुझ्याकडे? मंडईच्या पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही, मायला कळलं तर ती मला घरात घेणार नाही.

मी म्हटलं, घरात जागा नाही.