पाखरांची मच्छरदाणी

डास चावला की पाखरांना देवी येतात, हे मला साठाव्या वर्षी कळलं. त्याआधी तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवत होतो!

झालं असं, की लेक लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिची लव्हबर्डची जोडी आमच्या गळ्यात पडली. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. आधी पाखरांची चौकशी, मग (वेळ उरला तर) आईबापाची. अशात गल्लीतल्या कोंबड्यांना देवी आल्या. डोळ्यांभोवती फोड, चोचीवर फोड! आमची सौ. सुनंदा घाबरली. मी जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं.

"डासांमुळं पसरतंय मास्तर. बारीक जाळी लावा, पाणी साचू देऊ नका. आणि कॉइल अजिबात नको, धुरानं पाखरं जातील."

मी घरी येऊन कुंड्यांखालच्या थाळ्या उपड्या केल्या आणि आमच्या पलंगाची मच्छरदाणी काढून पिंजऱ्यावर बांधली. चार खिळे, चार दोऱ्या. कौतुकानं बघत उभा राहिलो, तोच सुनंदा ओरडली,

"अहो, आत डास हाय की ओ!"

खरंच होता. आता तो बाहेर येणार कुठून? मीच आत शिरलो. टाळी वाजवली, डास निसटला. दुसरी टाळी वाजवताना कोपर पिंजऱ्याला लागलं, पिंजरा पडला, दार उघडलं आणि पाखरं माझ्या टकलावर! त्यांना धरायला उठलो तर दोऱ्या तुटल्या, मच्छरदाणी माझ्यासकट खाली आली आणि दोन्ही पाखरं खिडकीतून थेट शेजारच्या शंकरअण्णांच्या यंत्रमागावर!

आमच्या वडगावात मागांचा खडखडाट कधी थांबत नाही. त्या दिवशी थांबला.

"मास्तर, लौकर या! तुमची पाखरं माझ्या मागावरच्या साडीवर बसल्यात!" शंकरअण्णांची हाक आली.

मी गळ्यात मच्छरदाणी गुंडाळलेल्या अवस्थेतच धावलो. मला बघून पाखरं आणखी वर, तुळईवर जाऊन बसली.

"तुमी खाली बसा बघू गप," शंकरअण्णांची बायको, पार्वतीआक्का, म्हणाली. "अंधारात पाखरू उडत न्हाय. दिवा घालवा, दारं लावा. आनि कुनी हलायचं न्हाय!"

दिवा गेला. दिवेलागणीची वेळ, त्यात बंद खोली. माझ्या कानाशी गुणगुण सुरू झाली. एक नाकावर बसला. एक पापणीवर.

"आक्का, डास..."

"हलू नगा म्हंटलं न्हवं मास्तर!"

नाही हललो. लेकीचं तोंड डोळ्यांसमोर आणून अर्धा तास दगडासारखा बसलो. आक्कानं स्टुलावर चढून पदरात एकेक पाखरू अलगद धरलं. चावली दोघंही तिला, पण तिनं सोडलं नाही. मग शंकरअण्णांनी हातोडी घेऊन पिंजऱ्याला बारीक जाळी अशी ठोकून दिली, की डास काय, वाराही विचारून आत जावा!

पाखरं घरी आली, दाणे टिपायला लागली. सुनंदानं सगळ्यांना चहा केला. तेवढ्यात लेकीचा फोन. मी मोठ्या अभिमानानं पिंजऱ्याशेजारी तोंड नेऊन उभा राहिलो.

ती किंचाळली, "बाबा, तुमच्या तोंडावर केवढे फोड आलेत! आधी माझ्या पाखरांपासून लांब व्हा!"