विषयाला धरून

हरसूलच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. एकदा नववीच्या वर्गाला लिहायला दिलं, माणसाने प्रकाशाच्या वेगाने अंतराळात जावं का? बाकी सगळ्यांनी हो लिहिलं. एका मुलीने लिहिलं, ‘नको. आईबाप द्राक्षाच्या कामाला जातात. चार महिन्यांनी आले की धाकटा भाऊ आईकडे जात नाही, रडतो. एवढ्या लांबून आलेल्याला घरी कोण ओळखणार?’ मी लाल पेनाने शेरा मारला, ‘विषयाला धरून लिही.’ त्या शहाणपणाची आता चीड येते.

यंदा आमचा मुलगा अमेरिकेहून सहा वर्षांनी गंगापूर रोडच्या घरी आला. बायकोला विस्मरणाचा आजार जडलाय. दार तिनेच उघडलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि अदबीने विचारलं, ‘कोण हवंय तुम्हाला?’