रशीदभाईंचा फोल्डर

रशीदभाई गेल्याचं मला लॅबमध्येच कळलं. मी हजेरी घेत होतो, तेवढ्यात त्यांच्या पुतण्याचा राळेगावहून फोन आला. "चाचा नही रहे, सर," एवढंच तो बोलू शकला. सकाळचा चहा घेतला आणि छातीत कळ आली... मी मुलांना सोडून दिलं आणि दार लावून घेतलं. पाच आठवडे होऊन गेले, तरी मन एका जागी ठरत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं कॉलेज बाभुळगावजवळचं. मी संगणक लॅबचा प्रमुख, रशीदभाई माझे सहायक. लॅबमध्ये लिनक्सचा एक सर्व्हर आहे आणि बाकीची सगळी यंत्रं त्याला जोडलेली आहेत. त्यावर सर्वांसाठी नवं सॉफ्टवेअर टाकायचं तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो, आणि तो फक्त माझ्याकडे. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात रशीदभाईंनी तो मागितला होता. भूगोलाच्या मुलांना गावोगावच्या विहिरींचे नकाशे करायचे होते, त्याचं सॉफ्टवेअर हवं होतं. मी म्हणालो, "अर्ज द्या, बघू." अर्ज आला, मी तो फाइलला लावला आणि विसरलो. खरं सांगायचं तर नियमाचं मला फारसं काही नव्हतं. पासवर्ड एकट्याकडे असण्याची ऐट होती. आज हे लिहिताना लाज वाटते.

त्यांनी पुन्हा कधी मागितला नाही. घरून पेनड्राइव्हवर त्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड आणला आणि त्यापासून स्वतःच्याच फोल्डरमध्ये चालता प्रोग्राम बांधायला घेतला. तिथे कुणाची परवानगी लागत नाही. फक्त दर वेळी यंत्राला बजावून सांगावं लागतं की बाबा रे, सगळं इथंच ठेव, बाहेर कुठे हात लावू नकोस. कटकट अशी की एक प्रोग्राम बांधायला घ्यावा तर तो दुसरा मागतो आणि दुसरा तिसरा. रशीदभाईंनी एकेक करून सगळे आपल्या फोल्डरात आणून बसवले. बांधकाम सुरू झालं की त्यांना खुर्चीत बसवत नसे. हात मागे बांधून वऱ्हांड्यात फेऱ्या सुरू, आणि दर फेरीला खिडकीतून पडद्यावर नजर. मी वैतागायचो. "अहो, बसा की! फेऱ्या मारून ते लवकर होणार आहे का?"

"बसलो तं जीव घाबरते, सर. चालून राह्यलो तं वाटते, मी बी काहीतरी करून राह्यलो."

पडदा चुकांनी भरला की मी शेवटची ओळ वाचून हात टेकायचो. ते मात्र वर वर जात पहिली चूक शोधायचे. त्यांच्या वडिलांचं राळेगावला डिझेल इंजिन दुरुस्तीचं गॅरेज होतं. "अब्बा म्हणत, इंजिन बंद कुठी पडलं ते नको पाहू, पहिला आवाज कुठून आला ते पाय. खालच्या चुका पहिलीच्याच मागं येतात, सर." दोन आठवड्यांनी नकाशा उघडला. चाचणीसाठी त्यांनी राळेगावचाच घेतला होता. त्यावर एकच ठिपका, गॅरेजच्या जागी, आणि शेजारी लिहिलेलं: अब्बा. पुढची सगळी वर्षं मुलं त्यांच्याच फोल्डरमधून तो प्रोग्राम चालवत आली.

गेल्या उन्हाळ्यात मला उपरती झाली. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी न वाचताच घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. "आता कायले, सर? पोट्टे उद्या नोकरीवर जातीन, तिथं त्यांले कोण पासवर्ड देते? त्यांले असंच शिकू द्या." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान माफी तरी मागता आली असती...

ते गेल्यावर ऑफिसचा कागद आला: सेवेत नसलेल्यांची खाती बंद करावीत. नियम कधीकाळी मीच लिहिलेला, खाली सही माझीच. खातं गेलं की फोल्डर जाणार. तो उचलून दुसरीकडे ठेवावा म्हटलं तर तेही जमत नाही, कारण बांधतानाच प्रोग्राममध्ये त्याच्या जागेचा पत्ता पक्का होतो. जागा हलली की त्याला स्वतःचेच भाग सापडत नाहीत. इकडे मुलांचे नकाशे अर्धवट पडलेले. पासवर्ड टाकून मी ते सॉफ्टवेअर एका दमात सगळ्यांसाठी बसवू शकलो असतो, आणि हात तिकडे गेलाही होता. पण ती घडी घातलेली चिठ्ठी आठवली. साध्या विद्यार्थ्यासारखं खातं उघडलं, रशीदभाईंनी बांधणीची एकेक पायरी टिपून ठेवलेली वही समोर ठेवली आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना म्हणालो, प्रत्येकानं आपापल्या फोल्डरमध्ये बांधायचं, मीसुद्धा. चुकांनी पडदा भरला की सवयीनं खालची ओळ वाचायचो, मग स्वतःवरच चिडून वर जायचो. चौथ्या दिवशी खिडकीजवळच्या एका मुलीनं हाक मारली, "सर, उघडला न नकाशा!" चाचणीसाठी मी रशीदभाईंचाच नकाशा सगळ्यांना उतरवून दिला होता: राळेगाव, आणि तो ठिपका.

आता खातं बंद न करायला काही सबब उरली नव्हती. मी आज्ञा टाइप केली. यंत्रानं पासवर्ड मागितला. ज्या माणसाच्या कामासाठी तो मी एकदाही टाइप केला नाही, त्याचं खातं पुसायला तो लागत होता. दोनदा चुकला. इतक्या वर्षांत कधी चुकला नव्हता. तिसऱ्यांदा बरोबर पडला, आणि क्षणभरात सगळं झालंसुद्धा.

मी उठून वऱ्हांड्यात आलो. आत कुठल्याच यंत्रावर काही चालू नव्हतं. तरी हात मागे बांधून मी फेऱ्या मारत राहिलो, आणि दर फेरीला खिडकीतून आत पाहत राहिलो.